डब्यातला वाटाणा माना का टाकतो?

चुलीपुढं बसून ऐकणाऱ्या, गोठ्यात धार काढताना ऐकणाऱ्या, आणि गटाच्या बैठकीत मधोमध मोबाइल ठेवून ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमच्या परसबाग गटाचा रामराम.

दिवाळी झाल्यापासून आमच्याकडं एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांतून येतोय. "डब्यात वाटाणा लावला, चांगला वीतभर वाढला, काडीला धरायला लागला, आणि दोन दिवसांपासून माना टाकतोय. काय घालू?" कुणी विचारतं युरिया घालू का, कुणी विचारतं दुकानातनं औषध आणू का. एका आजींनी विचारलं, दृष्ट काढू का? आम्ही म्हटलं, काढा की, पण त्याआधी डबा उचलून बघा.

यंदा बऱ्याच गटांनी वाटाणा मनावर घेतलाय. ज्यांच्या दारात वाफा करायला जागा नाही त्यांनी तेलाचे 15 किलोचे डबे, रंगाच्या बादल्या, खताच्या गोण्या, गळका हंडा, जे मिळेल त्यात माती भरली. आर्केल वाण लावला तर साधारण 60 दिवसांत पहिली शेंग हाताशी येते. बोनविले लावला तर 80-85 दिवस वाट बघावी लागते. चार-पाच डब्यांत घराची सगळी भाजी निघते असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, तेवढी निघत नाही. पण पोरं शाळेतनं आली की वेलावरची शेंग तोडतात आणि तिथंच उभ्यानं सोलून खातात. आम्हाला वाटाणा आवडतो तो एवढ्याचसाठी. आणि जी शेंग न धुता पोरांच्या तोंडात जाणार, तिच्यावर विषारी औषध मारायला आमचा विरोध आहे तोही एवढ्याचसाठी.

तर रोप सुकलं की घरात तीन उत्तरं तयार असतात. एक, पाणी कमी पडलं, ओता अजून. दोन, रोग आला, औषध आणा. आणि तिसरं उत्तर कुणी मोठ्यानं बोलत नाही, पण सगळ्या घराला कळतं. पाळीतल्या बाईनं हात लावला असेल, नाहीतर तिची सावली पडली असेल. ह्या तिसऱ्या उत्तरावर आम्ही आज सविस्तर बोलणार आहोत. पण आधी डबा बघायला शिकू, म्हणजे ते बोलणं सोपं जाईल.

सगळ्यात आधी वेळ बघा. रोप कधी मान टाकतं? दुपारी एक-दोन वाजता पानं लोंबतात आणि दिवेलागणीला परत ताठ होतात, असं असेल तर रोपाला रोग नाही, ऊन सोसत नाही. उन्हात पानातनं पाणी उडून जातं, मुळं तेवढ्या वेगानं ओढू शकत नाहीत, म्हणून रोप अंग सैल सोडतं. ऊन कललं की मुळांचं काम पानाच्या बरोबरीला येतं. पण सकाळी सडा टाकायला तुम्ही दारात आलात आणि त्या गारव्यातही रोप मलूलच आहे, तर मग समजायचं की रात्रभरातही त्याला पाणी मिळालेलं नाही. एकतर मातीत पाणी नाही, नाहीतर माती ओली आहे पण मुळाला ते पिता येत नाही. म्हणून आम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो हाच, सकाळी कसं दिसतं? बऱ्याच जणींनी सकाळी बघितलेलंच नसतं. मग म्हणतो, आज काही करू नका, उद्या सकाळी बघून सांगा.

मग बोट. मातीत बोट दोन पेरं आत घाला. वरची माती वाऱ्यानं वाळते, तिच्याकडं बघून काही कळत नाही. आत ओल लागली तर पाणी घालायचं नाही, रोप कितीही सुकलेलं दिसू द्या. आत कोरडं लागलं तर घालायचं. बोट नको वाटत असेल तर डबा एका बाजूनं उचलून बघा. ज्या बाईनं रोज डोक्यावर हंडा आणलाय तिला भरलेलं काय आणि रिकामं काय हे हाताला सांगावं लागत नाही. आठवडाभर असं उचलून बघितलंत की बोटाचीही गरज उरत नाही.

आता इथं एक गोष्ट नीट ऐका, कारण निम्मा वाटाणा इथंच मरतो. तहानलेलं रोप आणि पाण्यात बुडालेलं रोप वरून सारखंच दिसतं. दोन्ही माना टाकतात. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या सगळ्या फटी पाण्यानं भरल्या की मूळ गुदमरतं, कुजायला लागतं, आणि कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणजे पाण्यात उभं राहून रोप तहानेनं मरतं. आणि आपण त्याला मलूल बघून अजून एक तांब्या ओततो.

एका वस्तीवर आम्ही गेलो होतो. तिथं सातजणींचे मिळून वीसेक डबे, आणि सगळ्यांत वाटाणा पिवळा पडून लोंबत होता. सातही जणी सांगत होत्या की आम्ही डब्याला भोकं पाडलीत. खरंच पाडली होती, खिळ्यानं, चार-चार. पण डबे ठेवले होते फरशीवर, तळ जमिनीला चिकटून. खिळ्याचं बारीक भोक, आत शेतातली काळी माती, खाली शहाबादी फरशी. पाणी जाणार कुठून? एक डबा आम्ही तिरका केला तर खालून काळं पाणी आलं आणि नाकाला पदर लावावा लागला. कळशीनं पाणी आणणारी वस्ती ती, उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणारी. तिथं रोज सकाळ-संध्याकाळ वीस डब्यांत पाणी ओतलं जात होतं, आणि ते पाणीच रोपांना मारत होतं.

असं झालं असेल तर काय करायचं? डब्याखाली दोन विटा सरकवा, तळ मोकळा होऊ द्या. बोटाएवढ्या जाडीचं भोक पाडा, चार-पाच, तळाला आणि तळाजवळ बाजूला. भरलेल्या डब्याला पाडताना बाजूनं पाडा. वरची माती खुरप्याच्या टोकानं हलकेच मोकळी करा, मुळाला धक्का न लावता. आणि पाणी बंद, बोट दोन पेरं आत कोरडं लागेपर्यंत. रोपाची निम्मी मुळं शाबूत असतील तर आठवड्याभरात नवं पान ताठ निघतं. जुनी पिवळी पानं परत हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडं बघत बसू नका. त्या वस्तीवरचे निम्म्याहून जास्त डबे असे सावरले. बाकीचे गेले, त्यांत मेथी टाकली.

हिवाळ्यात भरलेल्या डब्याला रोज पाणी लागतच नाही. एक दिवसाआड, कधी दोन दिवसाआड पुरतं. फक्त फुलं लागल्यावर आणि शेंगेत दाणा भरताना हयगय करू नका, तेव्हा पाणी तुटलं की फुलं गळतात आणि शेंगा पोचट राहतात.

उलटंही होतं. माती इतकी वाळते की डब्याच्या कडेपासून सुटते, बोटभर फट पडते. मग वरून पाणी ओतलं की ते त्या फटीतनं सरळ खाली जातं आणि भोकातनं बाहेर. आपल्याला वाटतं डबा भरला, पाणी खालून आलं की! आणि मधला मातीचा गोळा कोरडाठाक. अशा वेळी घमेल्यात पाणी घेऊन डबा त्यात अर्धा तास ठेवा, माती खालून पाणी पिते. मग उचलून निथळू द्या. घमेल्यातलं उरलेलं पाणी दुसऱ्या डब्याला.

आता त्या तिसऱ्या उत्तराकडं येऊ.

आमच्या गटातल्या एकीच्या शेजारच्या घरातली गोष्ट आहे. गाव सांगत नाही. सून नवीन, लग्नाला वर्ष झालेलं. माहेरी तिला बागेची आवड, म्हणून सासरी येऊन तिनं दोन डब्यांत वाटाणा लावला. कोजागिरी झाली होती नुकतीच, ऑक्टोबरचं ऊन अजून तापत होतं. रोपं टिचभर झाली आणि एका डब्यातली तीन रोपं एका रात्रीत आडवी झाली. त्याच आठवड्यात तिची पाळी होती. झालं. तिला सांगण्यात आलं की त्या चार दिवसांत तू अंगणातच यायचं नाही, डब्यांकडं बघायचंही नाही. पाणी सासूबाई घालतील. पुढच्या आठवड्यात आणखी दोन रोपं गेली, तेव्हा सून कडेला बसलेली नव्हती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या हाताला गुण नाही, असं एकदा ठरलं की पुढचा हिशोब कुणी करत नाही.

आम्ही गेलो ते सासूबाईंशी वाद घालायला नाही गेलो. त्या वयानं मोठ्या, त्यांनी आम्हाला चहा ठेवला, आम्ही पण पायरीवर बसून घेतला. मग म्हटलं, आत्या, डबा बघू का जरा? आडवं झालेलं एक रोप आम्ही उपटलं नाही, बोटानं त्याच्या बुडाभोवतीची माती बाजूला केली. खोड जिथं मातीला लागतं तिथं ते करकोचल्यासारखं झालं होतं, तपकिरी, मऊ. भोवती पांढरी कापसासारखी बुरशी. आणि त्या बुरशीत बारीक बारीक दाणे, तांबूस-तपकिरी, गोल गरगरीत. सासूबाई वाकून बघत होत्या. म्हणाल्या, "ही मोहरी इथं कुणी सांडली?"

ती मोहरी नव्हती. मानकूज नावाचा बुरशीचा रोग आहे, त्याचंच ते बी म्हणा. मातीत ते वर्षानुवर्षं पडून राहतं. माती ओली, हवा उबदार, आणि भोवती न कुजलेला काडीकचरा किंवा अर्धकच्चं शेणखत मिळालं की ते जागं होतं आणि रोपाची मान धरतं. भुईमूग केलेल्या घरात हे दाणे ओळखीचे असतात, मिरचीला आणि टोमॅटोलाही हाच रोग लागतो. त्या डब्यात बघितलं तर कच्चं शेण रोपाच्या मानेपर्यंत लावलेलं होतं आणि पाणी दोन वेळा. दुसऱ्या डब्यात शेण कमी पडलं होतं म्हणून घातलं नव्हतं. तो डबा त्याच अंगणात, त्याच भिंतीला टेकून, पहिल्यापासून हातभर अंतरावर, आणि त्यातलं एकही रोप गेलं नव्हतं. सावली पडायचीच असती तर दोन्ही डब्यांवर पडली असती. हे आम्ही बोललो नाही, सासूबाईच म्हणाल्या. शेण कुणी लावलं होतं हे आम्ही विचारलं नाही. ते विचारून कुणाचंच भलं होणार नव्हतं.

मेलेली रोपं बुडाच्या मूठभर मातीसकट काढली आणि चुलीत घातली. उकिरड्यात टाकायची नाहीत, नाहीतर ते दाणे खताबरोबर सगळ्या शेतात जातात. मानेजवळचं शेण बाजूला केलं, खोडाभोवती वरची माती कोरडी राहील असं केलं, पाणी एक दिवसाआड आणि तेही डब्याच्या कडेनं. पहिल्या डब्यात आठ रोपं होती. पाच आधीच गेली होती, अजून एक गेलं, दोन राहिली. दोन्हींना शेंगा लागल्या. सून आता चारही दिवस पाणी घालते का, असं तुम्ही विचाराल. देवघराचं आम्हाला ठाऊक नाही, पण डब्यांना घालते.

पाळीतल्या बाईच्या हातानं, सावलीनं, श्वासानं झाड मरत नाही. आपल्यातल्या कितीजणी त्या चार दिवसांतसुद्धा दुसऱ्याच्या रानात भांगलायला, कांदे लावायला जातात? तिथं मालक विचारत नाही आणि पीकही विचारत नाही. मुकादमानं कधी हजेरी घेताना सांगितलंय का की आज तू लांब बस, कांदा सुकेल? मग घरच्या डब्यातल्या आठ रोपांनाच तेवढं कसं कळतं?

बरं, आता मूळ बघायला शिकू. एका डब्यात सात-आठ रोपं असतात, त्यातलं सगळ्यात सुकलेलं एक काढायला जीव घट्ट करा. एक रोप गेल्यानं बाकीची वाचतात. हिसकून उपटायचं नाही, मुळं तुटून मातीत राहतात आणि बघायचं तेच दिसत नाही. माती भिजवा, खुरप्यानं खालून गोळा उचला, आणि बादलीतल्या पाण्यात हलवून मुळं धुवा.

चांगलं मूळ पांढरट असतं, चिमटीत धरलं तर टणक लागतं. कुजलेलं मूळ तपकिरी-काळं, चिमटीत ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. ती मूळकूज, जास्त पाण्याची.

मुळावर गाठी दिसल्या तर घाबरू नका, आधी त्या कसल्या आहेत ते बघा. वाटाणा हे शेंगवर्गातलं पीक, तूर-हरभऱ्याच्या भाऊबंदातलं. त्याच्या मुळावर बारीक गोल गाठी असायलाच हव्यात. त्यात जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. ह्या गाठी मुळाच्या बाजूला चिकटलेल्या असतात, नखानं सहज सुटतात, आणि फोडल्या तर आतून गुलाबी दिसतात. गुलाबी म्हणजे कामावर आहेत. एका ताईंनी ह्याच गाठी बघून सगळा डबा उकिरड्यावर ओतला, रोग समजून. आणि वाईट गाठी वेगळ्या, त्या सूत्रकृमीच्या. तिथं गाठ मुळाला चिकटलेली नसते, मूळच जागोजागी सुजलेलं असतं, हळकुंडासारखं वेडंवाकडं. ती गाठ सुटत नाही, सोडवायला गेलं तर मूळ तुटतं. तसं दिसलं तर ती माती पुन्हा भाजीला वापरू नका. वाफ्यात असेल तर तिथं झेंडू घ्या, झेंडूनं सूत्रकृमी कमी होतात.

मुळाबरोबर मातीत पांढरी, जाड, वाकडी होऊन पडलेली अळी सापडली तर ती हुमणी. शेणखतातनं आली. वेचून कोंबड्यांना टाका.

मूळ बरं दिसतंय, मान बरी दिसतेय, तरी रोप सुकतंय? मग ब्लेडनं खोड बुडाशी उभं चिरा. कोवळ्या रोपाच्या खोडात पोकळ बोगदा आणि त्यात बारीक पिवळट अळी किंवा तपकिरी कोष दिसला तर खोडमाशी. ही लवकर पेरलेल्या वाटाण्यावर जास्त येते. सप्टेंबरअखेर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला घाई करून पेरणाऱ्यांनो, ऐकताय ना? थंडी धरल्यावर पेरलं की हिचा त्रास बराच कमी होतो. आणि बोगदा नाही, पण खोडाच्या आतल्या शिरा पांढऱ्या-हिरव्या न राहता पिवळट-नारिंगी ते विटकरी झाल्यात, तर मर रोग. ह्यात आधी खालची पानं पिवळी होतात, पानांच्या कडा खाली वळतात, मग ते वर चढत जातं. मर लागलेलं रोप कुठल्याही औषधानं उठत नाही. दुकानदार देईल बाटली, त्याचा तो धंदा आहे. आपण रोप जाळायचं आणि त्या डब्यात पुढची काही वर्षं वाटाणा घ्यायचा नाही.

रोप सुकलेलं नाहीच, सकाळी मातीलगत कापून पडलंय, असं असेल तर हे सगळं सोडा. रात्री कुरतडणारी अळी आहे, दिवसा तिथंच मातीत इंचभर खाली वेटोळं करून बसते. बोटानं उकरा, सापडते.

अजून एक कारण आहे ते आपल्या न्हाणीतनं येतं. पाणी वाचवायचं म्हणून भांडी घासलेलं, कपडे धुतलेलं पाणी डब्यांना घालतात. पाणी वाचवणं चांगलंच, पण वाटाण्याला मीठ आणि सोडा सोसत नाही. पानांच्या कडा जळल्यासारख्या होतात, रोप खुरटतं, मातीवर आणि डब्याच्या काठावर पांढरा थर येतो. बोअरच्या जड पाण्यानंही हेच होतं. तसा थर दिसला तर वरची बोटभर माती काढून टाका, आणि एकदा चांगलं पाणी भरपूर घालून खालनं वाहू द्या, म्हणजे मीठ धुऊन जाईल. साबणाचं पाणी केळीला, अळूला घाला, त्यांचं पोट मोठं आहे. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वाटाण्याला चालतं. युरियाची मूठ सुद्धा डब्याला मीठच. शेतात एकरावर पसरायचं खत ते, वीतभर डब्यात मुळं भाजून निघतात. आणि वर सांगितलं तसं, वाटाणा स्वतःचा बराचसा नत्र स्वतः मिळवतो.

उन्हाचं थोडक्यात सांगतो. वाटाणा थंडीचं पीक. 10 ते 18-20 अंशांत खूश असतो, 30 च्या पुढं फुलं गळायला लागतात. पुरंदरच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात वाटाणा निघतो, सासवडच्या बाजारात भर पावसात हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, ते तिथली हवा गार असते म्हणून. आपल्याकडं शेतातली माती खोलवर थंड राहते, पण पत्र्याचा डबा चारी बाजूंनी तापतो. दुपारी डब्याला हात लावून बघा. हाताला चटका बसत असेल तर आतल्या मुळांनाही बसतो. सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी भिंतीची सावली येईल अशी जागा द्या, डब्याभोवती गोणपाट गुंडाळा, मातीवर उसाचं पाचट किंवा वाळका पाला पसरा, पण मानेपासून दोन बोटं लांब. गच्चीवरच्या, पत्र्यावरच्या डब्यांना हे आधी करा.

आणि महाशिवरात्रीच्या सुमारास शेंगा तोडून झालेल्या, बुडापासून पिवळ्या होत चाललेल्या वेलाबद्दल कुणी विचारलं तर आमचं उत्तर एकच, त्याचं आयुष्य संपलं. त्याला काही झालेलं नाही. वेल निरोगी असेल तर मातीलगत कापा, मुळं मातीतच राहू द्या, आणि वेल शेळीला घाला.

ज्यांचे डबे गेले त्यांनी यंदाच पुन्हा पेरायचं असेल तर डिसेंबर संपायच्या आत पेरा, आर्केल घ्या, आणि जुनी माती वापरू नका. दोन घमेली पोयट्याची माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, एक घमेलं जाडसर वाळू. हातात मूठ वळली आणि बोटानं टोचल्यावर फुटली तर मिश्रण जमलं. शेणखत कुजलं की नाही हे वासावरनं कळतं, मातीचा वास यायला हवा, शेणाचा नाही. तळाच्या भोकांवर खापरीचा तुकडा उपडा ठेवा, भोक बुजवू नका. ट्रायकोडर्माचं पाकीट गटानं मिळून आणा. 1 किलो बियाण्याला 4-5 ग्रॅम लागतं, म्हणजे आपल्या मूठभर बियाला दोन चिमटी पुरते. बी किंचित ओलं करून त्यात घोळवा, सावलीत सुकवा, आणि त्याच दिवशी बोटाच्या एका पेराएवढं खोल पेरा. रोगट माती फेकवत नसेल तर ठेवा बाजूला. एप्रिल-मे च्या उन्हात ती ओली करून जमिनीवर पातळ पसरायची, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा मातीनं दाबून बंद, आणि 4 ते 6 आठवडे तशीच. त्यावर उन्हाळ्यात वेगळं बोलू.

इतकं बघूनही कारण सापडत नसेल तर रोप मुळासकट, थोड्या मातीसकट, ओल्या कागदात गुंडाळून सहायक कृषी अधिकाऱ्याला नाहीतर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नुसतं वाळलेलं पान घेऊन जाऊ नका, त्यावरनं कुणालाच काही सांगता येत नाही. फोनवर फोटो पाठवणार असाल तर तीन पाठवा, सकाळचं पूर्ण रोप, धुतलेलं मूळ, आणि चिरलेलं खोड. डबा कशावर ठेवलाय तेही दिसू द्या.

पुढच्या आठवड्यात ह्याच वेळी वाटाण्यावरच्या भुरीबद्दल बोलू. पानावर पिठासारखी पांढरी पूड दिसतेय असे बरेच फोन आलेत. ज्यांच्याकडं आंबट ताक उरतं त्यांनी आतापासून थोडं बाजूला ठेवा, ते लागणार आहे. रामराम.